फॉस्टर यांचा डबा

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये माणसांची उचलबांगडी सुरू होते. कुणाला काढलं, कुणाला आणलं, कोण कुणाला सोबत घेऊन गेला, याच्या बातम्या रोज येतात. प्रत्येक नव्या नावामागे पहिला प्रश्न ठरलेला : याचा रेकॉर्ड काय? मुख्य कोच असेल तर उत्तर एका ओळीत मिळतं. इतके जिंकले, इतके हरले. सहायक कोचच्या नावावर मात्र एकही विजय लागत नाही आणि एकही पराभव लागत नाही. मुलं दुसऱ्याने निवडलेली, अर्धा खेळ दुसऱ्याच्या हातात, शेवटचा शब्दही दुसऱ्याचा. अशा माणसाचं काम तोलायचं कसं?

हा प्रश्न मी गेली अनेक वर्षं एकाच माणसाच्या निमित्ताने मनात घोळवते आहे. त्यांचं नाव बड फॉस्टर. १९८७ ते २०१९ अशी तेहतीस वर्षं त्यांनी ब्लॅक्सबर्ग गावातल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात काढली. त्यांतली १९९५ पासूनची पंचवीस वर्षं डिफेन्सची, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या तुकडीची, सूत्रं त्यांच्याकडे होती, पहिलं वर्ष दुसऱ्या एका कोचच्या जोडीने आणि मग एकट्याने. मुख्य कोच ते कधीच झाले नाहीत.

मी ब्लॅक्सबर्गला आले ती ऑगस्ट २००५ मध्ये, एमएस करायला. कोल्हापूरची असल्यामुळे फुटबॉल मला नवा नाही असं मला वाटत होतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमीच्या सामन्यांना काकांच्या खांद्यावर बसून गेलेली मुलगी मी. इथल्या फुटबॉलमध्ये पायाचा संबंध फारच थोडा, हे कळायला एक शनिवार पुरला. त्या दिवशी आख्खं गाव केशरी आणि मरून रंगाचे कपडे घालून रस्त्यावर आलं होतं. संध्याकाळी लेन स्टेडियममधून जो आवाज उठला त्याने आमच्या खोलीच्या खिडकीची काच थरथरली.

खेळ मला शिकवला आमच्या घरमालकांनी. रोआनोकच्या रेल्वे कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, चेंडूकडे बघू नकोस, चेंडूकडे सगळेच बघतात. तिसरा डाउन बघ.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. या प्रत्येक संधीला डाउन म्हणतात. सरकले की पुन्हा नव्या चार संधी. तीन संधींत जमलं नाही तर चौथ्या वेळी बहुतेक जण लाथ मारून चेंडू लांब पाठवून देतात आणि तो समोरच्या संघाकडे जातो. म्हणजे तिसऱ्या डाउनला डिफेन्सने अडवलं की आपलं काम फत्ते. मैदानावर एरवी कितीही धुराळा उडू दे, डिफेन्सची परीक्षा त्या एका क्षणाला असते. आजोबांनी मला एक स्पायरल वही दिली आणि तिसऱ्या डाउनची नोंद ठेवायला लावली. अडवलं तर उभी रेघ, निसटलं तर गोल. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिला पुढे आणखी चार वह्या जोडल्या गेल्या.

फॉस्टर यांच्या डब्याविषयीही मला पहिल्यांदा आजोबांनीच सांगितलं. १९९५ साली त्यांच्या डिफेन्सकडे एक जुना, पोचे आलेला पत्र्याचा डबा आला. खाणकामगार पाळीवर जाताना हातात घेऊन जातात तसला. दर आठवड्याला ज्याने जीव ओतून खेळ केला त्या मुलाला तो डबा हातात धरायचा मान. माझ्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून आजोबा उठले, गॅरेजमध्ये गेले आणि स्वतःचा डबा घेऊन आले. काळा पत्रा, कोपऱ्यांवर रंग उडून आतलं लोखंड दिसत होतं. झाकण सपाट नव्हतं, मालगाडीच्या छपरासारखं कमानदार होतं. त्या कमानीत थर्मास आडवा बसतो आणि तारेच्या चापाने अडकवून ठेवतात. खालच्या भागात पाव, एखादं सफरचंद. कडी उघडताना ‘खट्’ असा आवाज झाला. आजोबांनी ती दोनतीनदा उघडली आणि मिटली. त्यांच्या बोटांना ती सवय अजून होती.

मला आमचा मामा आठवला. साखर कारखान्यात रात्रपाळीला जाताना सायकलच्या हँडलला त्याचा तीन कप्प्यांचा डबा लटकवलेला असे. डबा या वस्तूत काय सांगायचं आहे ते मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. पाळीवर वेळेवर जायचं, आपलं काम उरकायचं, घरी यायचं, उद्या परत जायचं.

मी आले तो काळ फॉस्टर यांच्या ऐन भराचा. २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं देशात सगळ्यांत कमी यार्ड देणारा डिफेन्स व्हर्जिनिया टेकचा होता. २००६ मध्ये प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी २१९.५ यार्ड आणि ११ गुण मिळाले. त्याच वर्षी फॉस्टर यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला १९९६ पासून दरवर्षी दिला जाणारा हा पुरस्कार. मी तेव्हा नवी होते, भारावलेली होते, आणि आकडा म्हणजे पुरावा अशी माझी समजूत होती.

आता माझं पोट आकड्यांवरच चालतं, त्यामुळे त्याच २००६ सालाकडे मी जरा निरखून बघते. त्या वर्षी समोर कोण होतं? ड्यूक, ज्यांनी बाराही सामने गमावले. त्यांना टेकने ३६–० हरवलं. नॉर्थईस्टर्न, म्हणजे खालच्या विभागातला संघ, ३८–०. नॉर्थ कॅरोलायना, त्या वर्षी नऊ पराभव. अशांच्या विरुद्धचे सोपे सामने सरासरीत आहेतच. पण जॉर्जिया टेकने ३८ गुण घेतले तेही त्याच सालात. मग नियमित हंगाम संपल्यावरचा, जॉर्जिया विद्यापीठाविरुद्धचा बाउल सामना. मध्यंतराला टेक २१–३ असं पुढे. शेवट ३१–२४, जॉर्जियाची सरशी. कागदावर बघणारा म्हणेल, देशातला पहिल्या क्रमांकाचा डिफेन्स अर्ध्या सामन्यात कोसळला. मी तो सामना घरमालकांच्या दिवाणखान्यात बघितला होता. दुसऱ्या अर्धात आपल्याच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातून चेंडू पुन्हा पुन्हा समोरच्यांकडे जात होता आणि डिफेन्सची दमलेली मुलं पाणी पिऊन टेकतात न टेकतात तोच त्यांना परत मैदानात उतरावं लागत होतं. घर चालवणाऱ्या बाईने काटकसर करायची आणि दुसऱ्याने उधारी करून ठेवायची, मग महिनाअखेरीस हिशेब कुणाकडे मागायचा?

तेव्हापासून गुण किती दिले याच्या जोडीला मी आणखी तीन गोष्टी बघायला लागले. एक, दर खेळीमागे किती यार्ड दिले. आपला ऑफेन्स, म्हणजे चेंडू पुढे नेणारी तुकडी, संथ असेल तर समोरच्यांना संधीच कमी मिळतात आणि डिफेन्स आहे त्याहून चांगला दिसतो. उलट ऑफेन्स भराभर चेंडू घालवत असेल तर उत्तम डिफेन्सही चाळणीसारखा दिसतो. दोन, समोरच्यांनी सुरुवात कुठून केली. स्वतःच्या वीस यार्डांवरून आलेला टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले सहा गुण) आणि आपण चेंडू टाकून दिल्यावर आपल्याच वीस यार्डांवरून झालेला टचडाउन, हे मी एका रकान्यात मांडत नाही. या बाबतीत फॉस्टर यांच्यावर मुख्य कोच फ्रँक बीमर यांचे उपकार मोठे होते, हेही कबूल करायला हवं. बीमर यांची किकिंगची तुकडी नावाजलेली. लाथा अडवायची, चेंडू समोरच्यांच्या गळ्यापाशी नेऊन ठेवायची. डिफेन्सला मागे मोकळं मैदान मिळत असे. १९९९ सालची गोष्टही तशीच. मायकल विक क्वार्टरबॅक असताना टेकने नियमित हंगामात एकही सामना गमावला नाही आणि सामन्यामागे फक्त १०.५ गुण दिले. विकमुळे टेक लवकर पुढे जाई. मागे पडलेल्यांना घाईघाईने पास फेकावे लागत आणि त्या घाईवर तर फॉस्टर यांचा डिफेन्स पोसलेला. मग श्रेय कुणाचं? दोघांचंही. वाटणी मात्र मला करता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हाताखाली आलेला मुलगा कसा आला होता आणि कसा गेला. आमच्याकडे तालमीत वस्तादाचं मोल कसं करतात? आडदांड पोरगा आयता दारात आला आणि त्याने गदा आणली तर लोक पोराचं कौतुक करतात. काटकुळ्या पोराचा पैलवान झाला की मग विचारतात, वस्ताद कोण? १९९९ चा कोरी मूर हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे पुढच्या फळीच्या टोकाला खेळणारा. त्या जागेच्या मानाने तो अंगाने लहान होता. त्या वर्षीचे नगुर्स्की आणि लोम्बार्डी हे दोन्ही पुरस्कार त्याने नेले. कॅम चान्सेलर शाळेत क्वार्टरबॅक खेळलेला. टेकमध्ये त्याला डिफेन्सच्या मागच्या फळीत वेगवेगळ्या जागांवर खेळवलं, त्यात रोव्हर नावाची जागाही आली, आणि पुढे तो सिअॅटलच्या सुपर बोल जिंकणाऱ्या व्यावसायिक संघाचा कणा झाला. रोव्हर आणि व्हिप ही टेकच्या डिफेन्समधल्या जागांची खास नावं. व्हिप म्हणजे निम्मा लाइनबॅकर, निम्मा मागचा रखवालदार. कुठल्याच ठरलेल्या साच्यात न बसणाऱ्या मुलाला तिथे जागा असे. मोठी नावाजलेली कॉलेजं ज्याला उंचीला कमी किंवा वजनाला कमी म्हणून नाकारत, तो इथे कामाचा ठरे.

इथेही ताळा करायला हवाच. मागच्या फळीतले जे पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजले त्यांतल्या अनेकांना रोजच्या सरावात घडवलं ते टोरियन ग्रे यांनी. २००६ ते २०१५ त्या मुलांचे कोच ते होते. सहायकाच्याही हाताखाली सहायक असतो. फॉस्टर यांच्या खात्यावर मी त्या मुलांचं सगळं श्रेय लिहीत नाही. पण ग्रे यांच्या आधीही तिथून मुलं वर जात होती आणि नंतरही गेली. २०१८ मध्ये ट्रेमेन आणि टेरेल एडमंड्स हे सख्खे भाऊ एनएफएलच्या एकाच ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडले गेले. हाताखालची माणसं बदलूनही जे टिकून राहतं त्यात वरच्या माणसाचा हात असतो, असं मी धरते.

१६ एप्रिल २००७ च्या सकाळबद्दल मी आजवर लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. आमच्या कॅम्पसवर बत्तीस जणांचा जीव गेला. त्यांत आमच्यासारखीच शिकायला आलेली मुंबईची एक मुलगी होती आणि विद्यार्थ्यांचे लाडके असे एक तमिळ प्राध्यापक होते. ड्रिलफील्डच्या कडेला बत्तीस दगडांची कमान आहे, तिथे मी अजूनही दरवर्षी जाते. त्या हंगामात फॉस्टर यांच्या मुलांनी त्या बत्तीस जणांची नावं डब्यात ठेवली. १ सप्टेंबरला ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध पहिला सामना झाला. टेकने १७–७ जिंकला. मी स्टेडियममध्ये होते आणि वहीत एकही रेघ ओढली नाही. डब्यात काय आहे ते माहीत असल्यावर ओढवलीच नाही. हे मी त्यांच्या रेकॉर्डमध्ये धरत नाही. धरायची गोष्टच नाही ती. पण या माणसाबद्दल लिहिताना हे न सांगणं मला जमणार नाही.

आता २०१४. फॉस्टर यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी या एका हंगामातले दोन सामने सांगते.

पहिला ६ सप्टेंबरचा, कोलंबसमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक हंगामाआधीच जखमी झाल्यामुळे जे. टी. बॅरेट नावाचा नवखा मुलगा खेळत होता. फॉस्टर यांनी काय केलं? ओहायोच्या धावण्याच्या सगळ्या वाटा माणसं पुढे आणून बुजवल्या आणि मागे एकास एक असा पहारा ठेवला. म्हणजे त्या मुलाला सरळ आव्हान : धावू देणार नाही, हिंमत असेल तर फेकून दाखव. यात धोका मोठा. मागे एकाचा जरी पाय घसरला तरी थेट टचडाउन, आणि एकदोनदा तसं झालंही. पण बॅरेटचे २९ पैकी ९ च पास पोचले, तीन टेकच्या मुलांनी पळवले, आणि सात वेळा तो चेंडूसकट खाली आला. टेक ३५, ओहायो स्टेट २१. ओहायो स्टेटने त्यानंतर एकही सामना गमावला नाही आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. सबंध वर्षात त्यांना हरवणारा संघ एकच. समोरचा मुलगा नवखा होता हे खरं आहे. पण त्याचं नवखेपण नेमकं कुठे उघडं पडेल हे ओळखणं, त्यासाठी आपली नेहमीची मांडणी मोडणं आणि आपल्या विशी-बाविशीच्या मुलांकडून ती नवी मांडणी लाखभर लोकांच्या गोंगाटात वठवून घेणं, हे काम कोचचं. आठवड्याभरात इतकं करून दाखवणारा सहायक कोच मी दुसरा बघितला नाही.

दुसरा सामना २२ नोव्हेंबरचा, वेक फॉरेस्टविरुद्ध. त्यांचा संघ दुबळा, त्या वर्षी अवघे तीन सामने जिंकलेला. चार क्वार्टर संपले तेव्हा फलक ०–० होता. साठ मिनिटं खेळून दोन्ही बाजूंना शून्य. शेवटच्या क्षणाला दोन्ही हात वर करून उभ्या असलेल्या बीमर यांचं चित्र तुम्ही कदाचित बघितलंही असेल, पुढे ते फार फिरलं. जादा वेळेत वेक फॉरेस्टने ६–३ असा सामना घेतला. माझ्या वहीचं ते पान उभ्या रेघांनी भरलेलं आहे. साठ मिनिटांत ज्या डिफेन्सने एक गुणही दिला नाही त्याच्यापुढे इतिहासात ‘पराभव’ असा शिक्का आहे. सहायकाचा रेकॉर्ड जय-पराजयावरून काढणाऱ्याला मी हे पान दाखवते. त्या वर्षी टेक ७–६ वर थांबलं. विजेत्यालाही ज्यांना हरवता आलं नाही आणि जे सगळ्यांत दुबळ्यांकडून हरले, ती मुलं तीच होती.

मला फॉस्टर प्रिय आहेत म्हणून पुढचं झाकून ठेवलं तर या लेखाला अर्थ नाही. २०१५ च्या डिसेंबरात बीमर यांचा शेवटचा सामना झाला, टल्साविरुद्ध. टेकने जिंकला, पण ५५–५२. ज्यांच्यासोबत फॉस्टर आधी मरे स्टेटमध्ये आणि मग ब्लॅक्सबर्गमध्ये राबले, त्यांच्या निरोपाच्या दिवशी डिफेन्सने बावन्न गुण दिले. बीमर यांच्या जागी जस्टिन फुएंते आले, त्यांनी फॉस्टर यांना ठेवून घेतलं. नवा मुख्य कोच आला की जुन्या सहायकांना निरोप देतात, ही इथली रीतच आहे. त्यामुळे हे ठेवून घेणं लहान गोष्ट नव्हती.

आणि मग २०१८. सप्टेंबरात ओल्ड डोमिनियनने ४९–३५ हरवलं. नोव्हेंबरात पिट्सबर्गने ५२–२२. त्या दिवशी पिट्सबर्गने नुसतं धावून ४९२ यार्ड काढले, एकूण ६५४. एका खेळीत तर आमच्या डिफेन्सचं कुणी पोचायच्या आत त्यांचा धावपटू पार झाला होता. माझा लॅबमधला मित्र, जो २००६ मध्ये माझ्याहून जास्त ओरडायचा, त्याने फोन करून सांगितलं, आता यांनी थांबावं. खेळ पुढे गेला, हे मागे राहिले. मी चिडले नाही. फोन ठेवून वह्या काढल्या. एडमंड्स बंधूंसह अनुभवी मुलं गेलेली होती, मैदानात बरीच पहिल्या-दुसऱ्या वर्षाची होती. कॉलेजात मुलगा चार-पाच वर्षंच असतो, त्यामुळे एखाद्या वर्षी सगळं घरच रिकामं होतं. हे कारण खरं होतं. पण मुलं टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडायला, चुकत होती, आपली जागा सोडत होती, आणि ते शिकवण्यात येतं. ते मी फॉस्टर यांच्याच रकान्यात लिहिलं. मित्राचं निम्मं बरोबर होतं.

१ ऑगस्ट २०१९ ला फॉस्टर यांनी जाहीर केलं की हे शेवटचं वर्ष. सप्टेंबरात ड्यूकने आमच्याच मैदानावर ४५–१० असं झोडपलं. आजोबा तोवर राहिले नव्हते. मला वाटलं, बरं झालं, त्यांना हे बघावं लागलं नाही.

पण त्यानंतर त्या मुलांमध्ये काहीतरी बसत गेलं. आठवडा-आठवड्याने माझ्या पानावर गोल कमी व्हायला लागले. १६ नोव्हेंबरला जॉर्जिया टेक, ४५–०. पुढच्या शनिवारी, २३ तारखेला, लेन स्टेडियमवरचा फॉस्टर यांचा शेवटचा सामना. समोर तेच पिट्सबर्ग. मी चार तास गाडी चालवून गेले होते. माझ्या मागच्या रांगेत एक बाई आपल्या लहान मुलाला सांगत होती, चेंडूकडे बघू नको. मी वळून बघितलं, पण काही बोलले नाही. मांडीवर वही, हातमोज्यातून पेन्सिल धड धरता येत नव्हती, रेघा वाकड्या येत होत्या. वर्षापूर्वी ज्यांनी ६५४ यार्ड काढले होते त्यांना त्या दिवशी एक गुण मिळाला नाही. २८–०. बरीचशी मुलं तीच होती, जी पिट्सबर्गच्या मैदानावर टॅकलला चुकली होती.

पुढच्या शुक्रवारी शार्लट्सव्हिलला व्हर्जिनिया विद्यापीठाने पंधरा वर्षांची आमची सलग विजयांची माळ तोडली. ३९–३०. तेही लिहिलं. त्यातला शेवटचा टचडाउन आमच्याच क्वार्टरबॅकच्या हातून गोलरेषेमागे सुटलेल्या चेंडूवर झाला. तेव्हा डिफेन्सची मुलं बाकावर होती. ते सहा गुण मी वेगळ्या रकान्यात मांडले.